वाटीला पट्टी, मांडीला काम

बीड जिल्ह्याचा विषय निघाला की वर्तमानपत्रांत दोन शब्द हटकून येतात. एक 'दुष्काळी' आणि दुसरा 'ऊसतोड'. दोन्ही खरेच आहेत. मी मात्र बँकेतली तीस-बत्तीस वर्षे याच जिल्ह्यात काढली. धारूर, केज, पाटोदा, आष्टी, शेवटी अंबाजोगाई अशा शाखा फिरत कर्जाचे अर्ज तपासले. अर्जात 'तारण' नावाचा एक रकाना असतो. त्यात लोक सातबारा लिहीत, घर लिहीत, बायकोचे चार मणी लिहीत. ज्यांच्याकडे यातले काही नसे त्यांचा रकाना कोरा राही. पण ती माणसेही कमावून खात होतीच की! कशाच्या जोरावर? पायांच्या.

दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटाच्या डोंगरातली गावे रिकामी होतात. नवरा-बायकोचा एक 'कोयता' धरून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. फडात वाकून, उकिडवे बसून बुडख्याशी कोयता घालायचा, मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे आणि रिकामे होऊन पुन्हा उतरायचे. आषाढीच्या आधी पैठणहून निघालेली नाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, तेव्हा म्हातारेकोतारेही चालायला लागतात. पाटोद्याच्या मातीतला राहुल आवारे जागतिक कुस्तीत पदक घेऊन आला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले. त्या शर्यतीत तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी असते. साबळे जिंकल्यापासून आमच्याकडे पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोरांची गर्दी वाढली आहे. त्यातले बहुतेक आशियाई स्पर्धेसाठी धावत नाहीत, पोलीस भरतीसाठी धावतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. घरी ऊसतोड करणारे आईबाप आणि समोर सरकारी नोकरीची एकच फट, अशी ती धाव असते.

या सगळ्या पायांमध्ये एक लहानसे हाड आहे. त्याच्याविषयी आज लिहायचे आहे. आपण त्याला गुडघ्याची वाटी म्हणतो.

आमच्या गल्लीतली एक मुलगी भरतीची तयारी करत होती. वय एकोणीस. आईवडील सांगलीकडे कारखान्यावर, ही आजीजवळ. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे गल्ली फॉर्म भरायला येते, तशी तीही आली होती. खुर्चीतून उठताना तिने टेबलाचा आधार घेतला. एकोणीस वर्षांच्या पोरीने टेबल धरून उठावे, हे काही बरे लक्षण नाही.

"काय झालं गं?"

"काही नाही काका, वाटी दुखती. चढताना कमी, उतरताना लई."

सहा आठवड्यांत तिने धावणे दुपटीच्या वर नेले होते. वेळ कमी भरत होती म्हणून मैत्रिणींबरोबर टेकडीवरून खाली पळायचाही सराव चालू होता. आता गुडघा पुढच्या बाजूने, वाटीच्या मागे कुठेतरी खोल दुखत होता. सूज नव्हती, मार लागला नव्हता. एक्स-रे काढून झाला होता आणि त्यात काहीही दिसत नव्हते. 'काही नाही' असे कागदावर लिहून आले, की घरच्यांना दोन अर्थ लावता येतात. एक, पोरगी नाटक करते. दोन, रोग इतका खोल आहे की यंत्रालाही सापडत नाही. आजीने दुसरा अर्थ लावला आणि बिब्बा घातला.

बिब्बा हा आमच्याकडचा जालीम उपाय. लागला तर लागला, नाहीतर कातडी भाजून निघते. हिची भाजून निघाली. पुढे पट्टीचा उपाय ठरला, तेव्हा ती जखम भरेपर्यंत दोन आठवडे वाट पाहावी लागली, आणि भरतीवाल्या पोरांकडे दोन आठवडे फुकट नसतात.

हे दुखणे काही दुर्मीळ नाही. धावणाऱ्यांमध्ये, वाढत्या वयातल्या मुलांमध्ये, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये ते जास्त आढळते. पायऱ्या उतरताना, उकिडवे बसताना आणि बराच वेळ गुडघा दुमडून बसल्यावर उठताना ते डोके वर काढते. इंग्रजी पुस्तकांत या शेवटच्या खुणेला सिनेमाचे नाव दिले आहे, कारण तिकडची माणसे थिएटरातून उठताना कण्हत. आपण हवे तर कीर्तनाची खूण म्हणू. निरूपण ऐकेपर्यंत मांडी घालून निवांत, आरतीला उभे राहताना मात्र शेजाऱ्याच्या खांद्यावर हात!

वाटीचे काम समजले की अर्धे दुखणे समजते. मांडीचा मोठा स्नायू खाली येतो, त्याच्या कंडऱ्यात ही वाटी बसवलेली आहे आणि ती कंडरा पुढे नडगीच्या हाडाला जोडली आहे. आपण गुडघा वाकवतो-सरळ करतो तेव्हा वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते, विहिरीच्या रहाटावरून दोर सरकावा तशी. तिच्यामुळे स्नायूला ओढ घ्यायला जोर मिळतो. बदल्यात ती खाचेवर दाबली जाते. किती? १९७२ साली दोन संशोधकांनी मांडलेला एक हिशेब आजही सांगितला जातो. सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्मा दाब येतो, जिन्यावर तिपटीहून थोडा जास्त, आणि खोल बैठक मारताना सात-साडेसात पट. म्हणजे पन्नास किलोच्या मुलीच्या वाटीवर बैठकीत पावणेचारशे किलोंच्या आसपास. निसर्गाने तिच्या पाठीवर शरीरातली सर्वांत जाड कूर्चा दिली आहे ती उगाच नव्हे.

मग तालमीतल्या पोरांच्या वाट्या कशा टिकतात, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पैलवान शेकड्यांनी बैठका मारतात. पण तो दहाव्या वर्षी वीस बैठकांनी सुरू करतो आणि वस्ताद त्याला वर्षावर्षाने चढवत नेतो. गुडघ्याला ओझ्याचे वावडे नाही. त्याला वावडे आहे ते एकदम अंगावर आलेल्या ओझ्याचे. आमच्या मुलीने सहा आठवड्यांत जे केले ते पैलवान सहा वर्षांत करतो.

बीडमध्ये एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे तिला घेऊन गेलो. आजीही आली. आजी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत होती आणि त्या हसून ओ देत होत्या. या शास्त्राचे शिक्षण आपल्या देशात प्रथम मुंबईच्या केईएम रुग्णालयात पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाले, पण जिल्ह्याच्या गावाला अशी माणसे यायला फार वर्षे लागली. अजूनही पुष्कळांचा समज असा, की फिजिओ म्हणजे शेक देणारे यंत्र. या बाईंच्या खोलीत यंत्र होते, पण त्यांनी त्याला हातही लावला नाही. त्यांनी मुलीला एका बुटक्या पाटावर उभे केले आणि दुसरा पाय सावकाश जमिनीला टेकवायला सांगितला. उतरताना गुडघा आतल्या बाजूला कलत होता आणि कंबर एकीकडे पडत होती. दोनदा, तीनदा तसेच.

"शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" बाईंनी विचारले.

मुलगी विचारात पडली. आजी म्हणाली, "रुपयात किती आणे, ते सांग की."

"बारा आणे."

बाईंनी कागदावर बारा आणे लिहिले. मला त्या बाई तिथेच आवडल्या.

मग पट्टी. मुलीला पाय सैल सोडून, गुडघा सरळ ठेवून बसवले. आधी पांढरी, मऊ, कातडीला न बोचणारी पट्टी लावली. तिच्यावर तपकिरी, न ताणली जाणारी, चांगली चिवट चिकटपट्टी. ती वाटीच्या बाहेरच्या कडेला चिकटवून अंगठ्याने वाटी हलकेच आत ढकलली, दुसऱ्या हाताने गुडघ्याच्या आतल्या बाजूची कातडी पट्टीकडे गोळा केली आणि पट्टी ओढून तिथे बसवली. कातडीला निऱ्या पडल्या. त्यावर अजून एक. दोन मिनिटांचे काम. "आता परत पाटावरून उतर." मुलगी उतरली, थांबली, पुन्हा चढून उतरली.

"चार आणे," ती म्हणाली आणि आजीकडे बघायला लागली.

जादू वाटावी असाच तो प्रकार आहे. पण बाईंनी सांगितले की ही परीक्षा आहे. पट्टी लावल्यावर तीच हालचाल केली, की दुखणे निदान निम्म्याने उतरले पाहिजे. न उतरल्यास पट्टीची दिशा बदलून पाहायची, कारण कुणाची वाटी बाजूला सरकलेली असते, कुणाची कललेली, कुणाच्या वाटीखालचा चरबीचा गादीसारखा भाग दाबला जात असतो. दिशा बदलूनही उतरले नाही तर या गुडघ्याला पट्टीचा उपयोग नाही असे समजून सोडून द्यायचे.

ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या जेनी मॅकॉनेल या फिजिओथेरपिस्टची. १९८६ साली तिकडच्या फिजिओथेरपीच्या नियतकालिकात त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्याआधी या दुखण्याला 'वाटीची कूर्चा मऊ पडली' असे निदान चिकटवून विश्रांती देत, नाहीतर थेट शस्त्रक्रियेकडे जात. मॅकॉनेल यांचा विचार सरळ होता. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडला म्हणून वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. ती पट्टीने जागेवर धरावी, आणि दुखणे थांबले आहे तोवर स्नायूला कामाला लावावे. पट्टी आणि व्यायाम ही जोडी त्यांच्या लेखात पहिल्यापासून एकत्र होती. लोकांनी पट्टी उचलली आणि व्यायाम तिथेच ठेवला, हा भाग निराळा. (क्रिकेटपटूंच्या खांद्यावर निळ्या-गुलाबी रंगाच्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या दिसतात, त्या वेगळ्या. त्या जपानच्या केन्झो कासे यांनी सत्तरच्या दशकात काढल्या. त्यांचा रंग जितका उठून दिसतो तितका त्यांचा पुरावा दिसत नाही.)

आता थोडे हिशेबाचे बोलू. जन्म बँकेत गेल्यामुळे कुणी 'चमत्कार' म्हटले की मला व्हाउचर बघावेसे वाटते. पट्टी वाटीला खरोखर जागेवर आणते का? पुढे वाटीची छायाचित्रे काढून पाहणाऱ्यांना आढळले, की वाटी सरकते ती अगदी थोडी, आणि थोडा व्यायाम केला की तेवढीही पुन्हा मूळ जागी जाते. तरी दुखणे मात्र कमीच राहते! म्हणजे मूळ सिद्धान्त जसा मांडला तसा पुरता टिकला नाही, उपाय टिकला. असे वैद्यकात पुष्कळदा होते. कातडीला मिळणाऱ्या त्या ओढीमुळे मेंदूकडे जाणारा निरोप बदलत असावा, दाब थोडा दुसरीकडे वळत असावा आणि माणसाला पाय टाकायचा धीर येत असावा, असे आज समजतात.

दुखते तरी नेमके काय, याचा शोध अमेरिकेतल्या स्कॉट डाय नावाच्या अस्थिशल्यविशारदाने घेतला आणि त्याची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. या गृहस्थांनी कातडीपुरती भूल घेऊन, सांध्याच्या आत कसलीही भूल न घेता, आपल्या सहकाऱ्याला स्वतःच्या गुडघ्यात दुर्बीण घालायला लावली आणि आतल्या एकेका भागाला टोचून 'आता किती दुखते' ते सांगत राहिले. १९९८ साली त्यांनी ते छापले. वाटीच्या मागच्या कूर्चेला टोचले तर त्यांना जवळजवळ काही कळले नाही. वाटीखालच्या त्या चरबीच्या गादीला आणि सांध्याच्या आतल्या अस्तराला स्पर्श झाला तेव्हा मात्र कळ मस्तकात गेली. म्हणजे 'कूर्चा झिजली, आता संपले' हे जे वाक्य रुग्णाला ऐकवले जाते, त्यात पुष्कळदा घबराटच जास्त. चिडलेले अस्तर शांत होऊ शकते. त्या मुलीला हे सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "त्यांचा गुडघा नंतर नीट झाला का?"

पट्टीच्या चाचण्या बऱ्याच झाल्या आहेत आणि त्या एकमुखाने बोलत नाहीत. २००४ साली तीस तरुण सैनिकांवर झालेली एक चाचणी मला आमच्या भरतीच्या पोरांमुळे जवळची वाटते. एका गटाला खरी पट्टी आणि व्यायाम, दुसऱ्याला नुसतीच वरवर लावलेली खोटी पट्टी आणि तोच व्यायाम, तिसऱ्याला फक्त व्यायाम. चार आठवड्यांत सगळेच सुधारले, पण खऱ्या पट्टीचा गट पुढे राहिला. उलट, २०१२ साली कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेच्या परीक्षणाने अशा सगळ्या चाचण्या एकत्र ठेवल्या आणि पुरावा अपुरा आहे असे सांगितले. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली जी मार्गदर्शक सूचना काढली ती मला मधली आणि शहाणी वाटते. पट्टी व्यायामाच्या जोडीने, पहिल्या चार-एक आठवड्यांपुरती, दुखणे उतरवायला वापरावी. खरा भर मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंच्या व्यायामावर ठेवावा.

बँकेच्या भाषेत याला पूलकर्ज म्हणतात. मोठी रक्कम हाती येईपर्यंत दिलेले थोड्या मुदतीचे कर्ज. ते घेऊन माणूस निवांत झोपला, तर मुदत संपल्यावर दारात वसुलीवाला. आमच्या मुलीला पट्टीने सुमारे महिनाभराची मुदत मिळाली होती.

त्या मुदतीत तिने काय केले ते जरा सविस्तर सांगतो, कारण घरोघर विचारणा होते ती याचीच. पहिले पंधरा दिवस सगळे जमिनीवर. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा आणि दहा अंक मोजेपर्यंत धरायचा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग कुशीवर झोपून वरचा पाय, टाच किंचित मागे ठेवून, उचलायचा. याने कमरेच्या बाजूचा स्नायू भरतो. उतरताना गुडघा आत कलत होता तो या स्नायूच्या आळसामुळे, असे बाईंनी दाखवले होते. गुडघ्याच्या दुखण्याला कमरेचा व्यायाम, हे आजीच्या पचनी पडायला आठवडा गेला. उताणे झोपून, पाय दुमडून कंबर उचलायची, हा आणखी एक. तिसऱ्या आठवड्यापासून उभ्याने. भिंतीला पाठ लावून अर्धवटच खाली जायचे, खुर्चीच्या उंचीपर्यंतही नाही. आणि वीट! अंगणात एक वीट आडवी ठेवायची, तिच्यावर एका पायाने उभे राहून दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवायची. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की नाही ते समोर आरसा ठेवून बघायचे. आठ-दहा वेळा, थोडी विश्रांती, असे तीनदा. आठवड्यातून तीन-चार दिवस. वीट तीन इंचांची. एक जमली की दोन.

किती दुखले तर चालते, याचाही नियम होता. व्यायाम करताना चार आण्यांपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतके खाली आले पाहिजे. नाही आले तर त्या दिवशी व्यायाम कमी करायचा, बंद करायचा नाही. धावणेही बंद नव्हते. टेकडी बंद, डांबर बंद. शाळेच्या मैदानावर दोन मिनिटे पळायचे, दोन मिनिटे चालायचे. पावले लांब टाकण्याऐवजी जवळ आणि भराभर. महिनाभर उकिडवे बसण्याची कामे टाळायची होती. आता खेड्यातल्या घरात हे सांगणे सोपे, करणे अवघड. भांडी, चूल, संडास, सगळेच उकिडवे. आजीने भांड्यांना उंच पाट आणि संडासाला मधे भोक पाडलेली जुनी प्लॅस्टिकची खुर्ची, अशी तोड काढली. बिब्ब्याची भरपाई म्हणायला हरकत नाही.

मी तिला बँकेची एक जुनी डायरी दिली आणि जमा-नावेचे रकाने आखून दिले. व्यायाम जमेला, धावणे नावे, शेवटी दुखण्याचे आणे. ही माझी हौस. पण सहाव्या आठवड्यात तिला वाटले की काहीच फरक पडत नाही. तेव्हा पहिल्या पानावरचे बारा आणे आणि त्या दिवशीचे तीन आणे शेजारी ठेवून दाखवता आले. दुखणे हळूहळू जाते म्हणून ते गेलेले कळत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पट्टी एक दिवसाआड, पाचव्यानंतर फक्त धावण्याच्या वेळी, सातव्यात पट्टी नाही. व्यायाम मात्र बारा आठवडे. सगळा खर्च बाईंच्या चार भेटी आणि पट्टीची दोन रिळे. तिसऱ्या भेटीत त्यांनी तिला स्वतःची पट्टी स्वतः लावायला शिकवले होते.

साठी ओलांडलेल्या वाचकांनी एव्हाना आपल्या गुडघ्याला हात लावून पाहिला असेल. मीही त्याच वयाचा. अंबाजोगाईला होतो तेव्हा मुकुंदराजांच्या समाधीला दरीत उतरून जाणे हा माझा रविवारचा नेम होता. आज त्या पायऱ्या चढताना काही वाटत नाही, उतरताना कठडा शोधतो. उतारवयातल्या झिजेच्या गुडघ्यावरही ही पट्टी तपासली गेली आहे. २००३ साली मेलबर्नच्या राणा हिनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८७ जणांवर तीन आठवडे केलेला प्रयोग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. खऱ्या पट्टीच्या गटात जवळजवळ पाऊणजणांनी सुधारणा सांगितली. गंमत म्हणजे खोट्या पट्टीच्या गटातही निम्म्यांनी सांगितली, आणि पट्टी नसलेल्यांत दहातल्या एकाने. यातून ज्याला जो अर्थ काढायचा तो काढावा. मी माझ्यापुरता असा काढला की निम्मे श्रेय मायेने हात लावण्याचे असावे, पण उरलेला चौथा हिस्सा तरी पट्टीच्या नावावर पडतो. आमच्या वयात कातडी पातळ झालेली असते. ओढून काढली तर पट्टीबरोबर तीही येते. कोमट पाण्याने भिजवून, कातडी दाबून धरून सावकाश सोडवावी. मधुमेह असेल, पायाची जाणीव कमी असेल, खाज सुटून पुरळ आले असेल तर लावू नये.

आणि प्रत्येक गुडघेदुखी वाटीची नसते, हे मुद्दाम सांगायला हवे. गुडघा सुजला, गरम लागला, ताप आला, मधेच अडकला, एकदम पाय लटपटून माणूस पडला, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असले, तर पट्टीच्या नादी न लागता अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्या जिल्ह्यात आहेच. दहा-बारा वर्षांचे मूल लंगडत 'गुडघा दुखतो' म्हणाले तर त्याचे खुबेही तपासून घ्यावेत. मुलांमध्ये दुखणे असते खुब्यात आणि बोट दाखवले जाते गुडघ्याकडे.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या माणसांना या उपायाची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापर्यंत तो कसा पोचायचा? उसाच्या फडात घाम, धूळ आणि पाचटाची कूस यांत कसलीही पट्टी तासभर टिकायची नाही. शिवाय तिथे महिनाभर 'कमी उकिडवे बसा' असे कुणाला सांगणार? खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. खाडा परवडत नाही म्हणून बायका शरीराच्या तक्रारींवर कोणती टोके गाठतात, ते २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण बाहेर आले तेव्हा सगळ्या राज्याने पाहिले आहे. गुडघ्याच्या बाबतीत तिथे चालते ती गोळी. मुकादमाकडे किंवा टपरीवर मिळणारी, दुखणे दाबणारी, महिनोन्‌महिने घेतली तर पोट आणि मूत्रपिंड खाणारी. तिच्या मानाने दोन विटा केव्हाही स्वस्त. पण विटांना वेळ लागतो, आणि वेळ हंगामाच्या आधीच असतो, हंगामात नसतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर, आशाताईंच्या देखरेखीखाली, हे पाच-सहा व्यायाम शिकवता येणार नाहीत का? त्याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही.

मुलीची मैदानी परीक्षा फाल्गुनात झाली. आठशे मीटर ती थांबल्याशिवाय पळाली. लेखी परीक्षेचे आणि गुणांच्या यादीचे काय होते, ते अजून व्हायचे आहे. पाडव्यानंतर तिचे आईवडील कारखान्यावरून परत आले. आईचे वय अडतीस-एकोणचाळीस, आणि जिन्यावरून ती उलटी उतरते, एका हाताने भिंत धरून. फळीवरून उतरताना लागलेली सवय. लेकीने तिला पाटावर उभे करून आण्यांत विचारले. आई म्हणाली, "रुपयाच्या रुपया."

परवा संध्याकाळी त्यांच्या अंगणात पाहिले. आई कुशीवर झोपून पाय उचलत होती आणि लेक आकडे मोजत होती. विटेपर्यंत अजून त्या आलेल्या नाहीत. दसऱ्याला सहा महिने आहेत.